अनुदानाचा अर्ज शेवटच्या कागदापासून लिहावा

केंद्र सरकारच्या अनुदानाचा व्यवहार ज्या कागदावर येऊन पुरा होतो, त्याचं नाव नमुना जीएफआर १२-अ. सरकारी भाषेत उपयोगिता प्रमाणपत्र, संस्थांच्या बोलण्यात नुसतं ‘यूसी’. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांना जोडलेल्या या नमुन्यातल्या मुख्य तक्त्यात सात रकाने असतात: मागची शिल्लक, त्यावरचं व्याज, सरकारला परत भरलेलं व्याज, या वर्षी मिळालेलं अनुदान, एकूण उपलब्ध रक्कम, झालेला खर्च आणि उरलेली शिल्लक. बहुतेक संस्थांना हा कागद पहिल्यांदा दिसतो तो पैसे खर्च होऊन गेल्यावर, सीए मागतो तेव्हा. लहान संस्थांचे प्रस्ताव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, आणि माझा पहिला आग्रह हाच असतो की अर्जाची पहिली ओळ लिहिण्याआधी यूसीचा कोरा नमुना छापून समोर ठेवा. जो आकडा पुढे या रकान्यांत बसवता येणार नाही, तो अर्जात घालू नका.

अनुदानाचा अर्ज म्हणजे निबंध, ही समजूत फार पक्की आहे. संस्था चांगलं इंग्रजी लिहिणारा माणूस शोधते, तो कुठूनतरी मिळालेला जुना प्रस्ताव पुढ्यात घेतो, आणि ‘समाजातील उपेक्षित घटक’, ‘सर्वांगीण विकास’, ‘मुख्य प्रवाह’ हे शब्द पानोपानी पसरतात. खासगी देणगीदारापुढे अशा लेखनाचा थोडाफार उपयोग होतही असेल. सरकारी अनुदानात लेखनाला गुण नसतात. तिथे योजना आधीच ठरलेली असते, खर्चाच्या बाबी ठरलेल्या असतात, बहुतेक बाबींची कमाल रक्कमही ठरलेली असते. ठरलेलं काम ठरलेल्या पैशांत तुम्ही करू शकाल का, आणि त्याचा हिशोब देऊ शकाल का, एवढंच सरकारला तुमच्याकडून समजून घ्यायचं असतं.

सरकार स्वयंसेवी संस्थेला पैसे का देतं, हेही अर्ज करणाऱ्याच्या मनात स्पष्ट हवं. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. स्त्रिया, मुलं, दिव्यांग यांच्यासाठी गावोगावी ज्या संस्था आधीपासून काम करत होत्या, त्यांच्या हाती सरकारी पैसा द्यावा, हा त्या मंडळामागचा विचार. सरकारचे हात जिथे पोचत नाहीत तिथे संस्थेचे पोचतात. म्हणून अनुदान मागणाऱ्यानं याचकाचा सूर लावण्याचं काही कारण नाही. ज्या कामाची जबाबदारी मुळात शासनाची आहे, त्यातला वाटा तो उचलतो आहे. पण हा पैसा करदात्यांचा आहे, संसदेनं किंवा विधिमंडळानं मंजूर केलेला आहे. त्यामुळे त्याच्या एकेका रुपयाचा माग ठेवावा लागतो आणि तो माग कुणीही विचारू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात हेच सांगितलं: सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी स्वयंसेवी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली येते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक योजना धरू. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी तालुक्याच्या गावी शाळा चालवणारी एखादी संस्था आहे, आणि तिला दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेतून अनुदान हवं आहे. ही योजना १९९९ पासूनची. दीनदयाळ हे नाव तिला २००३ मध्ये मिळालं. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, उरलेला वाटा संस्थेनं उभा करायचा. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर भरायचा. मग जिल्हा पातळीवरचे अधिकारी शाळेची तपासणी करतात, राज्य सरकार शिफारस करतं, आणि दिल्लीत दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची छाननी समिती निर्णय घेते. त्यानंतरही विभागाच्या वित्त शाखेची संमती लागते. मंजुरी आदेश निघाला की पैसे पीएफएमएस या प्रणालीतून थेट संस्थेच्या खात्यात येतात.

या वाटेवर फाइल ज्यांच्या हातांतून जाते त्यांतला कुणीच तुम्हाला ओळखत नाही, आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला बघायचं असतं की शाळा खरोखर आहे का आणि मुलं येतात का. राज्याला कळायला हवं असतं की इथे आणखी एका अनुदानाची गरज आहे का. छाननी समिती नियमांशी ताडून बघते. वित्त शाखा आधी मागचा हिशोब उघडते, मग याच कामासाठी दुसरीकडून पैसे घेतलेत का ते तपासते. चौघांनाही आपापलं उत्तर मिनिटभरात सापडलं पाहिजे. पहिल्याच पानावर साधी सूची द्यावी: कोणती माहिती कोणत्या पानावर, कोणता दाखला कोणत्या परिशिष्टात. पोर्टलवर कागद चढवतानाही फाइलींना ‘स्कॅन ००७’ अशी नावं न ठेवता ‘ऑडिट रिपोर्ट २०२३-२४’ अशी ठेवावीत. इतकी साधी गोष्ट, पण ती करणाऱ्या संस्था थोड्या, आणि फाइल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यांची टापटीप लगेच दिसते.

कागदपत्रांत महाराष्ट्राची म्हणून एक खास अडचण आहे. आपल्याकडे बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली दुसरी, म्हणजे धर्मादाय कार्यालयाचा ‘एफ’ नंबर. विश्वस्त मंडळ बदललं की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. व्यवहारात निवडणुका होतात, ठराव होतात, नवे अध्यक्ष सह्याही करू लागतात, आणि चेंज रिपोर्ट एकतर दिलेलाच नसतो किंवा दहा वर्षांपूर्वीचा प्रलंबित असल्यानं पुढचे सगळे त्याच्यामागे अडकलेले असतात. धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचं नाव आणि अनुदानाच्या अर्जावर सही दुसऱ्याची, अशी फाइल पुढे सरकत नाही, आणि सरकू नये हे बरोबरच आहे. कारण पैसे कोणाच्या ताब्यात जाणार हा प्रश्न गंभीर आहे. अनुदानाचा विचार डोक्यात आला त्याच आठवड्यात परिशिष्ट १ चा ताजा उतारा काढावा. दुरुस्तीला महिने लागतात, कधी वर्षही लागतं, आणि योजनेची मुदत आपल्यासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण नावाची. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो. केंद्राच्या अनुदानाला तो अत्यावश्यक. पीएफएमएसवर संस्थेची आणि बँक खात्याची नोंदणी वेगळी. पॅन कार्ड वेगळं. या सगळ्यांवर संस्थेचं नाव रोमन लिपीत असतं, आणि आपल्या संस्थांच्या नावांत ‘बहुउद्देशीय’ हा शब्द हमखास असतो. तो पॅनवर दोन ‘यू’ घालून, बँकेत एकच ‘यू’ घालून आणि दर्पणवर मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेला सापडतो. कुठे ‘मंडळ’च्या आधी गावाचं नाव असतं, कुठे नंतर. माणूस वाचेल तर संस्था एकच आहे हे त्याला समजेल; संगणकाला समजत नाही, आणि मंजूर झालेले पैसे खात्यात जमा होताना अडकतात. नोंदणी प्रमाणपत्रावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच सगळीकडे करून घ्यायचं, आणि ते अर्जाच्या आधी करायचं.

ठरावाकडे फार हलक्यानं पाहिलं जातं. ‘अनुदानासाठी अर्ज करण्यास मंजुरी देण्यात आली’ एवढंच इतिवृत्तात लिहिलं तर त्यातून काहीच बांधिलकी दिसत नाही. ठराव असा हवा: ‘संस्थेच्या विशेष शाळेसाठी दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेखाली चालू आर्थिक वर्षासाठी प्रस्ताव सादर करावा, प्रस्तावावर सही करण्याचे व पत्रव्यवहाराचे अधिकार सचिवांना द्यावेत, संस्थेच्या हिश्श्याची रक्कम स्थानिक देणग्यांच्या निधीतून राखून ठेवावी, आणि अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते दोन विश्वस्तांच्या संयुक्त सहीने चालवावे, असे सर्वानुमते ठरले.’ सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या. हे वाचणाऱ्याला कळतं की मंडळ बसलं होतं आणि त्यानं पैशाचा विचार केला होता.

आता गरज मांडणाऱ्या भागाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त शब्द तिथेच वाया जातात. बहुतेक प्रस्तावांत असं काहीसं असतं: ‘आमच्या तालुक्यात दिव्यांग बालकांची परिस्थिती अत्यंत दयनीय असून समाजाचे त्यांच्याकडे दुर्लक्ष होत आहे. अशा बालकांना मुख्य प्रवाहात आणण्यासाठी आमची संस्था कटिबद्ध आहे.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि एकही तपासता येत नाही. तालुक्याचं नाव बदललं तर हाच मजकूर देशात कुठेही चालेल. त्याच्या जागी पुढचा मजकूर ठेवून पाहा. आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत.

‘संस्थेने जून ते ऑगस्ट या काळात तालुक्यातील १४ गावांत घरोघरी जाऊन ६ ते १८ वयोगटातील बौद्धिक दिव्यांग मुलांची नोंद केली. ६१ मुले आढळली. त्यांपैकी ३८ जणांकडे यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) आहे, १५ जणांचे प्रमाणपत्र प्रलंबित आहे, ८ जणांची वैद्यकीय तपासणी झालेली नाही. ६१ पैकी ९ मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत नियमित जातात. सर्वांत जवळची विशेष शाळा ४७ किलोमीटरवर असून तेथे जाणारी एसटी दिवसातून दोनदा आहे. गावनिहाय संख्या परिशिष्ट ४ मध्ये आहे.’

यात विशेषण एकही नाही. तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती आठ मुलं उभी राहतात, ज्यांना कुणी डॉक्टरनं पाहिलेलंसुद्धा नाही. शिवाय जिल्ह्याचा अधिकारी यातला प्रत्येक आकडा तपासू शकतो आणि आपल्या शिफारशीत जसाच्या तसा वापरू शकतो. असा मजकूर घरबसल्या लिहिता येत नाही. त्यासाठी पावसाळ्यात चौदा गावं हिंडावी लागतात, अंगणवाडीताईंशी आणि आशाताईंशी बोलावं लागतं. अर्जातल्या सहा वाक्यांमागे तीन महिन्यांचं काम असतं, आणि ते काम संस्थेच्या उपयोगाचंच असतं, अनुदान मिळो न मिळो. मुलांची नावं, पत्ते आणि निदान मात्र अर्जाला जोडू नयेत. संख्या जोडावी, नावांची वही तपासणीच्या वेळी दाखवावी. दिव्यांग मुलाची माहिती अनेक टेबलांवरून फिरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

राष्ट्रीय आकडे घालावेत का, असं अनेकजण विचारतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. हे आकडे जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात असतात आणि समितीला ते पाठ असतात. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठ प्रकार मोजले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. म्हणजे तो आकडा आजच्या व्याख्येशी जुळतही नाही. एका वाक्यात उल्लेख करून आपल्या गावांकडे यावं.

अर्थसंकल्प हा अर्जाचा गाभा, आणि यूसीचा कोरा नमुना सगळ्यात उपयोगी पडतो तो इथेच. योजनेत प्रत्येक पदाचं मानधन, वाहतूक, भाडं, साहित्य यांच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्यांना कॉस्ट नॉर्म्स म्हणतात. काही संस्था कापाकापी होणारच असं धरून आकडे वाढवून लिहितात. त्याचा काही फायदा होत नाही. जास्तीचं सरळ कापलं जातं आणि संस्थेनं नियम वाचले नाहीत एवढं मात्र सिद्ध होतं. उलट चूकही होते. मिळू शकणारी बाब माहीत नसल्यामुळे मागितलीच जात नाही. नियमावलीचं खर्चाचं परिशिष्ट ओळीनं वाचून समोर आपल्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना मांडला की दोन्ही चुका टळतात.

समजा, प्रस्तावात चार विशेष शिक्षक दाखवले. १९९२ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेलाच शिक्षक विशेष शिक्षक म्हणून चालतो. तालुक्याच्या गावी, योजनेतल्या मानधनात, असे चार शिक्षक मिळतील का? पुण्या-नाशकात बसून प्रस्ताव लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. अनुदान मंजूर होतं, तीन शिक्षक रुजू होतात, त्यांतला एक जुलैत चांगली नोकरी मिळाली म्हणून जातो, जागा कित्येक महिने रिकामी राहते. आता यूसी भरू. वर्षात १२,००,००० रुपये आले, चौथ्या रकान्यात ते लिहिले. खर्च १०,३५,००० झाला, तो सहाव्यात. सातव्या रकान्यात १,६५,००० शिल्लक उरली. खात्यावर ११,४०० रुपये व्याज जमा झालं, ते संस्थेचं नाही. हिशोब पुरे झाले की ते केंद्राच्या तिजोरीत भरावं लागतं. १,६५,००० रुपये शिल्लक आणि समोर गळकं छप्पर, अशा वेळी पैसे छपराला वापरण्याचा मोह होतो. उद्देश चांगलाच असतो. पण मानधनाचे पैसे बांधकामाला वापरले की ते गैरवापरात मोजले जातात आणि पुढचं अनुदान तिथेच थांबतं. याची मुळं वर्षापूर्वीच्या अर्जात असतात. ज्या तीन शिक्षकांनी येण्याचं लेखी कबूल केलं होतं, त्यांचीच नावं आणि नोंदणी क्रमांक देऊन तीन पदं मागितली असती, तर प्रस्ताव छोटा दिसला असता आणि पक्का ठरला असता.

संस्थेच्या स्वतःच्या हिश्श्याबद्दलही तितकंच स्पष्ट लिहावं. ‘उर्वरित रक्कम संस्था उभारेल’ हे वाक्य वित्त शाखेला पुरत नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब तिच्यापुढे असतात. ज्या संस्थेचं वार्षिक उत्पन्न साठ-सत्तर हजार आहे ती चाळीस लाखांचा प्रकल्प कसा पेलणार, हा प्रश्न कुणालाही पडेल. याला उपाय शब्दांचा नाही. आधी दोन-तीन वर्षं छोटं काम स्थानिक देणग्यांवर नीट चालवायचं, प्रत्येक पावती पुस्तकात, प्रत्येक खर्चाचं व्हाउचर, वेळेवर ऑडिट. अन्नदान, गणवेश, एखाद्या डॉक्टरांची मोफत सेवा हेही इतिवृत्तात आणि वार्षिक अहवालात नोंदवून ठेवायचं. अनुदानाची पात्रता अशी हळूहळू साठते.

दुहेरी अनुदानाचा मुद्दा प्रामाणिकपणे हाताळायला हवा. याच कामासाठी दुसऱ्या कुठल्या खात्याकडून पैसे घेतलेले नाहीत किंवा मागितलेले नाहीत, असं प्रमाणपत्र केंद्राच्या नियमांनुसार द्यावं लागतं. महाराष्ट्रात विशेष शाळांना राज्याचं अनुदानही असतं. दोन्ही शक्य असतात, पण वेगवेगळ्या कामासाठी: शाळेच्या शिक्षकांचे पगार राज्याकडून येत असतील तर केंद्राकडे मागणी त्यांची करायची नाही. घरी जाऊन उपचार देण्याचा वेगळा उपक्रम असेल तर त्याची करायची, आणि राज्याच्या अनुदानाचा आदेश स्वतःहून जोडायचा. लपवलेलं अनुदान लेखापरीक्षणात हमखास सापडतं. मुलांच्या बाबतीतही तेच. एकच मूल जिल्हा परिषदेच्या पटावर आणि विशेष शाळेच्या पटावर पूर्णवेळ दिसता कामा नये.

तपासणीची अनेकजण धास्ती घेतात. माझ्या मते तपासणी हा अर्जाचाच भाग आहे, फक्त तो संस्थेच्या आवारात वाचला जातो. अधिकारी हजेरीपट मागतात, कर्मचाऱ्यांचं मस्टर मागतात, कॅशबुक, व्हाउचर फाइल, डेडस्टॉक रजिस्टर, वैद्यकीय तपासणीच्या नोंदी मागतात. भाडेकरार, दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र, रॅम्प, स्वच्छतागृह बघतात. आणि मुलं मोजतात. इथे अर्जातला एक आकडा फार महत्त्वाचा ठरतो. पट ५० असेल तर बहुतेक संस्था ‘लाभार्थी ५०’ लिहून मोकळ्या होतात. आषाढातल्या पावसात रिक्षा न आल्यामुळे त्या दिवशी ३१ मुलं हजर असतात, आणि अहवालात ‘नमूद केलेल्यापेक्षा कमी लाभार्थी आढळले’ असा शेरा पडतो. तो शेरा वर्षानुवर्षं फाइलला चिकटून राहतो. त्याऐवजी ‘पट ५०, मागील वर्षाची सरासरी हजेरी ३४, पावसाळ्यात २९ ते ३२, कारण वाहतूक’ असं आधीच लिहिलेलं असेल, तर ३१ हा आकडा तुमच्या खरेपणाचा पुरावा होतो. वर वाहतुकीच्या बाबीखाली केलेली मागणीही आपोआप पटते.

मंजुरी आली की पेढे वाटण्याआधी बंधपत्र वाचावं. सामान्य वित्तीय नियमांनुसार खासगी संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्यांकडून बंधपत्र लिहून घेतलं जातं. अटी मोडल्या तर अनुदान किंवा त्याचा काही भाग दरसाल १० टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी ते संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे स्वीकारतात. वैयक्तिकपणे, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आपल्या अध्यक्षांनीसुद्धा. विश्वस्तांना हे समजावून न सांगता सह्या घेणं मी अन्याय मानतो. अनुदानातून घेतलेली वस्तू सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, हेही त्यांना ठाऊक हवं. आणि वर्षाला २५ लाखांहून कमी नसलेलं अनुदान संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के झालं, तर १९७१ च्या कायद्यानुसार तिचे हिशोब खुद्द कॅगच्या तपासणीखाली येतात.

‘मंजूर करून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणारे मध्यस्थ प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. हे टक्के यूसीच्या कुठल्याही रकान्यात लिहिता येत नाहीत. ते द्यायचे तर खोटं व्हाउचर करावं लागतं, आणि त्या व्हाउचरवर सही संस्थेच्या माणसाची असते, मध्यस्थाची नसते. याहून जास्त काही सांगायची गरज नाही. पैसे घेऊन प्रस्तावाची मांडणी करून देणारा जाणकार वेगळा. त्याची फी ठरवावी, पावती घ्यावी, आणि ती संस्थेच्या स्वतःच्या निधीतून द्यावी.

पैसे कधी येतील, याचं गणितही अर्ज करतानाच मांडावं. केंद्राच्या खात्यांना शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये, असं अर्थ मंत्रालयाचं बंधन असतं. ज्या फाइलींची त्रुटीपूर्तता डिसेंबरपर्यंत झालेली नसते, त्या मग या गर्दीत सापडतात आणि पुढच्या वर्षावर जातात. त्रुटीपत्र आलं की आठवडाभरात उत्तर द्यावं, जावक क्रमांकासह, आणि पोर्टलवरची नोंद छापून फाइलला लावावी. तरीही हप्ता उशिरा येतो, हे धरूनच चालावं. निदान सहा महिन्यांचे पगार देता येतील एवढी गंगाजळी नसेल तर कर्मचारी भरडले जातात. विशेष शिक्षकांनी आणि मदतनीस ताईंनी महिनोन्महिने पगाराशिवाय मुलं सांभाळल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. त्याबद्दल त्यांचं कौतुक करून आपण मोकळे होऊ नये. ती नियोजनाची चूक असते आणि ती त्यांच्याकडून वसूल केली जाते.

राज्य सरकारच्या योजनांची वाट थोडी वेगळी असते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला, त्यामुळे जुन्या शासन निर्णयांमध्ये सामाजिक न्याय विभागाकडे असलेली बरीच कामं आता तिकडे गेली आहेत. शासनाच्या संकेतस्थळावर मूळ शासन निर्णय आणि त्याची नंतरची शुद्धिपत्रकं दोन्ही काढून वाचावीत. दुसऱ्या संस्थेकडून मिळालेल्या झेरॉक्सवर विसंबू नये.

आणि प्रस्ताव नाकारला गेला तर? बहुतेक संस्था तिथेच थांबतात किंवा पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव तारखा बदलून पाठवतात. त्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. हा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर न करता सचिवांनी किंवा अध्यक्षांनी नागरिक म्हणून स्वतःच्या नावानं करावा. केंद्राच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायच्या गोष्टी तीन: जिल्हा तपासणी अहवालाची प्रत, राज्याच्या शिफारस पत्राची प्रत, आणि छाननी समितीच्या इतिवृत्तातला व टिपणीतला आपल्या प्रस्तावासंबंधीचा भाग. टिपणीत ‘जुना यूसी प्रलंबित’ असेल तर तो सीएकडून दोन आठवड्यांत होतो. ‘लाभार्थीसंख्या अपुरी’ असेल तर पुन्हा गावं हिंडावी लागतील. ‘राज्याची शिफारस प्राप्त नाही’ असं असेल, तर प्रस्तावात काहीही बदलू नये. फाइल नेमकी कोणत्या टेबलावर थांबली आहे ते आवक-जावक क्रमांकांवरून शोधावं आणि त्या कार्यालयात स्वतः जाऊन भेटावं.